विटाळणे, बाटवणे आणि दूषित करणे

आपल्या मुलीने निबंधात ‘कारखान्यांनी खाडीचे पाणी विटाळले’ असे लिहिले आणि बाईंनी तो शब्द खोडून ‘दूषित केले’ असे लिहिले. दोन्हींचा अर्थ ‘अशुद्ध करणे’ हाच असताना पहिला शब्द चूक कसा, असे आपण विचारले आहे. व्याकरणदृष्ट्या तो चूक नाही. तरीही मी बाईंच्या बाजूचा आहे.

विटाळ वस्तूत मिसळत नाही, तो शिवण्याने लागतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक सांडपाणी खाडीत उतरले, तर ते प्रयोगशाळेत मोजता येते; विटाळ मात्र मानणाऱ्यापुरताच असतो. नौपाड्यातील आमच्या जुन्या घरी कैरीच्या लोणच्याची बरणी, तोंडाला दादरा बांधून, वरच्या फळीवर असे. ‘त्या’ चार दिवसांत घरातील एखादीचा हात तिला लागला, की आजी ‘बरणी विटाळली’ म्हणे आणि लोणचे नासणार हे धरूनच चाले. माझ्या आत्याने एकदा मुद्दाम त्याच दिवसांत लोणचे काढले. ते दिवाळीपर्यंत उत्तम टिकले. आजीने शब्द मात्र मागे घेतला नाही. (रंग विटणे किंवा मन विटणे यांतील ‘विटणे’ निराळे, त्याची यात गल्लत करू नये.)

या विटाळाला मुदत असते. चौथ्या दिवशी न्हाणे झाले की तो जातो. ‘बाटणे’ त्याहून जड आहे, कारण तेथे जात किंवा धर्मच गेला असे मानतात, आणि नुसती आंघोळ पुरत नाही, शुद्धी लागते. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवली, ही गोष्ट आमच्या ठाणे-वसई भागात अजून सांगतात; ती खरी असो वा नसो, एका पावाने गाव बाटते हे ऐकणाऱ्याला पटत असे, यातच त्या शब्दाचे वजन कळते. ‘बाटगा’ ही शिवी त्यातूनच आली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाडचे आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. जनावरांना ज्या तळ्याची मनाई नव्हती, ते माणसांच्या ओंजळीने बाटले असे सनातन्यांनी ठरवले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी मंत्रघोषात त्यात ओतल्या. ‘दूषित करणे’ या शब्दाच्या कसोटीने पाहिले, तर पाण्यात काही मिसळले ते त्या शुद्धीच्या वेळीच.

‘उष्टावणे’ फक्त तोंड लावण्यापुरते आहे, आणि गंमत अशी की बाळाच्या पहिल्या घासाच्या सोहळ्याला आपण ‘उष्टावण’च म्हणतो.

तेव्हा निबंधात ‘दूषित केले’ हेच राहू द्यावे. ते मुलीला कोरडे वाटत असेल आणि मनातला राग शब्दात यावा असे वाटत असेल, तर ‘नासवले’ लिहावे. चेंदणीच्या कोळीवाड्यात ‘कंपन्यांनी खाडी नासवली’ असेच मी ऐकत आलो आहे, आणि त्यात कोणाच्या शिवण्याचा प्रश्न येत नाही.