≤ खुशाल ठेव, पण <= ला घराबाहेर काढू नकोस

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी छोटी प्रोग्रामिंग लँग्वेज बनवतोय. त्यात <= ऐवजी सरळ ≤ आणि * ऐवजी × ठेवायचं डोक्यात आहे. गाईड म्हणतात असली थेरं नकोत. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना, चिन्हांना कॉम्प्युटरमध्ये जागा देणारी पद्धत) असताना हरकत काय?
— एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर: थेरं कसली, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी लोकांनी हे करून पाहिलंय. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल या प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये तर चिन्हांचाच बाजार, +/⍳ लिहून पुढे १० टाकलं की एक ते दहाची बेरीज ५५ हातात, लूप नाही काही नाही. पण ते टाइप करायला आयबीएमच्या टाइपरायटरला वेगळा अक्षरगोळा लावायचे, आणि १९९० मध्ये याच आयव्हर्सननी रॉजर हुईंसोबत ‘जे’ नावाची लँग्वेज काढली तेव्हा गपगुमान साध्या कीबोर्डवरच्या चिन्हांवर आले.

ज्युलिया नावाच्या लँग्वेजवाल्यांनी मधला रस्ता काढलाय आणि मला तोच पटतो. ≤ लिही नाहीतर <= लिही, दोन्ही एकच. फक्त चिन्हाचा अर्थ शाळेतलाच असेल असं धरू नकोस, तिथे ७ ÷ २ केलं तर ३ येतात, साडेतीन नाही!

खरी डोकेदुखी दिसायला सारख्या चिन्हांची. एका द्राक्षवाल्या मित्राच्या दोन याद्यांचे सेट करून ते पायथनमध्ये | ने एकत्र करत होतो, मराठी कीबोर्ड चालूच राहिलेला, | च्या जागी आपला दंड । पडला आणि प्रोग्राम अडला. अर्धा तास मी बाकी सगळं तपासत बसलो, कारण डोळ्यांना रेघ ती रेघच (एरर नीट वाचली असती तर पाच मिनिटांचं काम होतं, ते सोडा). × आणि इंग्रजी एक्सचं पण तेच होणार, आणि वजाबाकीचं चिन्ह न् हायफन तर सख्खे जुळे.

म्हणून प्रत्येक चिन्हाला साध्या कीबोर्डवरचा जोडीदार दे, आणि चुकीचं चिन्ह आलं की ‘हा दंड आहे, तुम्हाला पाइप (|) हवा होता का’ असं तुझ्या कंपायलरनेच (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्यानेच) विचारू दे. डेमो मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर देऊ नकोस. गाईडच्या मशीनवर बस आणि × कुठून आणतोस ते त्यांच्यासमोरच शोध.