बाईक नवीन शिकलोय, रस्त्यावर खडी किंवा ओल दिसली की हातपाय आखडतात. आत्मविश्वास कसा येईल?

तुम्ही लिहिलंय की 125 सीसीची गाडी घेऊन तीन महिने झालेत, कोरड्या डांबरावर काही वाटत नाही, पण वळणावर कच, म्हणजे सुटी बारीक खडी, दिसली किंवा पाऊस पडून गेलेला असला की खांदे ताठ होतात आणि बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर जातात. मित्र म्हणतात, दामटत राहा, सवय होईल. मित्रांचं हे ऐकू नका. दामटत राहिलं की भीती जाते खरी, पण कच तिथेच असते.

मी कराडकडचा. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माझं कायम जाणं-येणं असतं. या एका रस्त्यावर सगळे नमुने भेटतात. वर हंगामात ट्रॉलीतून सांडलेला ऊस आणि चाकांखाली चेचलेला पाला, घाटात वळणावरची बारीक कच, खाली उतरलं की लाल चिखल आणि झाडांच्या सावलीतलं शेवाळ. तेव्हा जे सांगतोय ते याच रस्त्याच्या हिशेबाने.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. टायरजवळ एका वेळी ठरावीकच पकड असते. ती ब्रेक लावायला खर्च करा, वळायला करा नाहीतर रेस द्यायला. कोरड्या डांबरावर ती इतकी असते की दोन कामं एकदम केली तरी खपून जातं. कचीवर खपत नाही. पण सरळ, उभी, एकसारख्या वेगाने जाणारी गाडी पकड फारशी मागतच नाही. म्हणून वेग उतरवणं, गिअर पाडणं, कुठून जायचं ते ठरवणं, सगळं कचीच्या किंवा ओलीच्या पट्ट्याच्या अलीकडे उरकायचं. पट्ट्यावर गेल्यावर काहीही करायचं नाही. हँडल सैल, गुडघे टाकीला चिकटलेले, रेस आहे तशी. हँडल हातात थोडं वळवळेल, वळवळू द्या. पुढचं चाक आपला मार्ग स्वतः शोधतं, घट्ट धरून ठेवलं तरच अडतं. तुम्हाला जी भीती वाटते ती बहुतेक इथलीच आहे: पट्टा चाकाखाली आल्यावर काय करू? उत्तर ‘काही नाही’ हे असल्यामुळे तयारी आधी लागते, आणि तयारीला वेळ लागतो.

वेळ म्हणजे वेग. ताशी 40 ने जाताना एका सेकंदात गाडी 11 मीटर पुढे जाते, 60 ने जवळपास 17. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. वळणाच्या पलीकडचं दिसत नसेल तर जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे, जागा दिसली की डावीकडे होऊन त्याला पुढे काढा.

आता रस्ता वाचणं. यातच खरी मजा आहे. कच कुठेही पडलेली नसते. मोटारींची चाकं जिथून जातात ते दोन पट्टे झाडून निघतात आणि खडी मधल्या उंचवट्यावर नाहीतर वळणाच्या बाहेरच्या कडेला साठते. म्हणून घाटात चाकांच्या पट्ट्यात राहा. सिग्नलला आणि टोलनाक्याला तर हा नियम दुप्पट लागू, कारण उभ्या गाड्यांचं ऑइल दोन चाकांच्या मधोमध ठिबकतं. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर ते डिझेल. पेट्रोल पंपाच्या बाहेर पडताना आणि चढाच्या वळणावर, जिथे ट्रकची काठोकाठ भरलेली टाकी हिंदकळते, तिथे नजर ठेवा.

पहिल्या पावसात महिनोन्‌महिने बसलेली धूळ आणि तेल वर येतं. त्या दिवशी सुरुवातीला चहाला थांबलेलं बरं. जोरदार सर येऊन रस्ता धुऊन गेला की तोच रस्ता बराच सुधारतो. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची झाकणं, उड्डाणपुलाच्या सांध्यांवरचं लोखंड, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक: ओले असले की ही सगळी एकाच जातीची. त्यांच्यावर गाडी सरळ ठेवा, ब्रेक त्यांच्या आधी किंवा नंतर. रेल्वेचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा.

साईडपट्टीबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून जरा जास्त लिहितो. रस्त्यावर थरावर थर चढतात, पण साईडपट्टीचा मुरूम तिथेच राहतो किंवा वाहून जातो, आणि कडेला वीतभर पायरी तयार होते. समोरून एसटी आली की नवीन माणूस खाली उतरतो, आणि लगेच कडेला घासत वर यायला बघतो. चाक त्या पायरीला घासत राहतं, वर चढत नाही, आणि गाडी आडवी होते. खाली उतरलात तर खालीच राहा, वेग पार कमी करा, मागे-पुढे बघा आणि मग कडेपासून थोडं लांब जाऊन कडेला जमेल तितक्या काटकोनात वर चढा. डांबरीकरणाच्या आधी खरवडून ठेवलेल्या रस्त्यावरही कडेला अशीच पायरी असते.

गतिरोधकाचं प्रमाण माप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असं आहे. गावागावात जे भेटतात त्यांचा आणि या मापाचा संबंध तुम्हीच शोधा. खड्डा असो की गतिरोधक, त्याच्यापर्यंत ब्रेक लावा आणि चाक टेकायच्या क्षणी सोडून द्या. ब्रेक दाबलेला असला की पुढचा सस्पेन्शन आधीच खाली बसलेला असतो, मग धक्का खायला जागा उरत नाही. फूटरेस्टवर किंचित उठलात तर पाठही वाचते. पाणी भरलेला खड्डा खोलच धरून चाला. आणि खड्ड्याकडे टक लावून बघू नका, त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघा. नजर जिथे, तिथे गाडी जाते.

सुगीत काही गावांत सोयाबीन, तूर रस्त्यावरच मळायला पसरलेली असते. सुका भुसा ओल्या चिखलाइतकाच घसरतो, आणि खाली दगड ठेवलाय की नाही ते दिसत नाही. तिथे पाय खाली सोडून चालण्याच्या वेगाने जा.

सराव मैदानावर करा. बाजारतळ किंवा शाळेचं मुरमाचं मैदान सुट्टीच्या सकाळी मोकळं असतं. हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट घाला, सोबत कोणीतरी असू द्या. सेकंड गिअर, ताशी 15 ते 20. आधी नुसतं सरळ जा, मग मोठी वर्तुळं. मग सरळ जाताना मागचा ब्रेक हळूहळू वाढवत न्या, चाक घसटायला लागलं की नजर समोर, हँडल सरळ, पाय अलगद सैल. सरळ जाताना मागचं चाक घसरलं तरी गाडी लगेच पडत नाही हे एकदा शरीराला कळलं की तुमचे खांदे आपोआप खाली येतील. पुढचं चाक मात्र घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही, त्याची परीक्षा घेऊ नका.

तुमच्या 125 सीसीच्या गाडीला बहुधा सीबीएस, म्हणजे पुढचा-मागचा जोडलेला ब्रेक, असेल. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, सक्तीचा झाला, 125 आणि खालच्यांना तेव्हा सीबीएस चालायचं. सीबीएसमध्ये मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, त्यामुळे कचीवर पेडलसुद्धा दमाने.

रस्त्यावर असताना एखादा पट्टा कळत नसेल तर गाडी बाजूला लावा आणि बुटाचा तळवा त्यावर घासून बघा. लोक बघतील, बघू देत. टायरला काय वाटणार आहे ते तळव्याला बरंचसं कळतं.

टायरची हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना तपासा. चेनकव्हरजवळच्या स्टिकरवरचा किंवा पुस्तिकेतला आकडा घ्या, पंपावरचा पोऱ्या देईल तो नाही. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. त्या माणसाला आधीच सांगून ठेवा की वळणावर घाबरून उलट्या बाजूला झुकायचं नाही. हात बसेपर्यंत घाट एकट्यानेच करा.