मन जाग्यावर राहत नसेल तर

ॲपवरचं ध्यान थोडे दिवस राहू दे. संध्याकाळी पुळणीवर जा, फोन घरी ठेवून. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे कालच्याच वेळी, कालच्याच जागी उभा राहिलास तरी पाणी वेगळं दिसेल. ते किती चढलंय, खाडीच्या तोंडाशी कोण तिसऱ्या (शिंपल्या) उकरतंय, समुद्रावरचा खारा वारा पडून जमिनीकडचा मतलई कधी सुटतो, एवढंच बघ. कंटाळा येईल. येऊ दे, मला अजूनही येतो!

सकाळची पेजही उभ्याउभ्या ढोसू नकोस. बस, लोणच्याची फोड चावून खा. अर्थबिर्थ शोधायची घाई नको. पावसाळ्यात मात्र समुद्रापासून लांबच राहा, पडवीतल्या पागोळ्यांवरही काम भागतं.