व्हर्टस जीटीला स्पोर्ट टायर: माप तेच ठेवा, रबर बदला

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी १.५, मुक्काम पुणे, कंपनीचे टायर गोटा व्हायला आलेत. सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी, अधूनमधून एक्स्प्रेसवेने मुंबई, वर्षातून एकदा कोकण. १७ इंची अलॉय चाकं घेऊन २२५/४५ मापाचे टायर टाकावेत का, सगळ्यात जास्त ग्रिप कुठल्या टायरची, आणि टायरवर छापलेल्या 'ट्रेडवेअर', 'ट्रॅक्शन'चा अर्थ काय?

माझं मत आधीच सांगतो. १६ इंचावरच राहा, २०५/५५ हेच माप ठेवा आणि अलॉयसाठी काढलेले पैसे टायरच्या दर्जात घाला. टायर निवडताना पहिला विचार ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगचा करा. कोरड्या रस्त्यावरची ग्रिप त्यानंतर बघा.

मापाचं आधी बोलू. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि 'आर' नंतरचा रिमचा व्यास इंचांत. २०५/५५ आर१६ मध्ये साइडवॉलची उंची सुमारे ११३ मिमी असते, २२५/४५ आर१७ मध्ये सुमारे १०१ मिमी. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, ६३२ च्या जागी ६३४ मिमी. त्यामुळे स्पीडोमीटरचा घोळ होत नाही आणि दुकानदार हे माप बिनधास्त सुचवतो. पण कमी झालेलं ते ११-१२ मिमी रबरच खड्ड्याच्या काठावर रिमला वाचवत असतं. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरलेला असतो, खोली कळत नाही, आणि वेगात चाक त्यात गेलं की साइडवॉल रिम आणि काठ यांच्यामध्ये चिरडली जाते. आतले दोरे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागतो. त्यात डिकीतली स्टेपनी राहणार जुन्याच मापाची.

१७ इंचावर स्टिअरिंग जास्त चपळ वाटतं, हे खरं आहे. साइडवॉल ठेंगणी झाली की वळणात कमी वाकते, म्हणून गाडी लगेच वळल्यासारखी वाटते. पण हा झाला प्रतिसाद, ग्रिप नव्हे. ग्रिप येते ती मुख्यतः रबराच्या मिश्रणातून. स्वस्त १७ इंची टायर हाताला तरतरीत लागतो आणि ओल्या वळणात आधी सुटतो. उलट त्याच १६ इंची मापात कडक साइडवॉलचा स्पोर्ट टायर घेतलात तर तुम्हाला हव्या असलेल्या चपळाईचा बराचसा भाग मिळतो, आणि ग्रिपही मिळते.

'रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर' हा समजही तपासून घ्या. रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ बरंचसं गाडीच्या वजनावर आणि हवेच्या दाबावर ठरतं. टायर रुंद केला की तो ठसा आडवा वाढतो आणि उभा आखूड होतो. कोरड्या वळणात याचा फायदा आहे. साचलेल्या पाण्यात तोटा आहे, कारण पाण्याला बाजूला पळायला जास्त अंतर आणि कमी वेळ मिळतो. मग टायर पाण्यावर तरंगायला लागतो.

हे तरंगणं नेमकं कधी सुरू होतं? नासाने विमानाच्या टायरांवर प्रयोग करून १९६३ साली एक ठोकताळा मांडला होता: पीएसआयमधल्या (पंपावर हवा ज्या एककात मोजतात त्यातल्या) दाबाच्या वर्गमुळाला १०.३५ ने गुणायचं, उत्तर ताशी मैलांत. ३३ पीएसआय धरले तर ते ५९ मैल, म्हणजे ताशी ९६ किलोमीटर येतं. हा हिशोब पाण्याची खोली नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असतानाचा, म्हणजे गोटा टायरला अगदी लागू. नक्षी खोल असेल तर ही मर्यादा वर सरकते. एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात कारची वेगमर्यादा १०० आहे. जुलैच्या सरीत झिजलेल्या टायरांवर कायदेशीर वेगात जाणारी गाडीसुद्धा त्या काठावरच असते, हे यावरून लक्षात येईल. कायद्याने नक्षी किमान १.६ मिमी हवी. माझ्या मते पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली गेलेला टायर एक्स्प्रेसवेवर नेऊच नये. तुमचे टायर बदलायचेच आहेत तर जून उजाडायच्या आत बदला.

घाटातल्या रस्त्यावरचं पाणी आणखी वेगळं. ताम्हिणीत पाणी साचण्यापेक्षा वाहतं, आणि सावलीतल्या वळणांवर शेवाळ, पाला, दरडीची माती असते. पहिल्या एक-दोन पावसांत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते ती निराळीच. तिथे नक्षीइतकंच रबराचं मिश्रण काम करतं. चांगल्या रस्त्याच्या टायरांत सिलिका असते, ती ओल्या डांबरावर रबराला चिकटून राहायला मदत करते. ट्रॅकसाठीचे सेमी-स्लिक टायर म्हणूनच आपल्या पावसाळ्यात रोजच्या गाडीला नकोत. त्यांच्यावर खोबण्या कमी असतात आणि त्यांचं मिश्रण ऊब आल्यावर काम करतं. परदेशी परीक्षणांत हिवाळा आणि ऑल-सीझनवर पानंच्या पानं असतात. सह्याद्रीत त्याचा काही उपयोग नाही, तुम्हाला सरळ समर टायर हवाय.

साइडवॉलवर 'ट्रेडवेअर २८०' किंवा 'ट्रॅक्शन एए' असं छापलेलं असतं, त्याबद्दल तुम्ही विचारलंय. हे अमेरिकन मानक आहे. झिजेचा आकडा १०० गुणांच्या एका संदर्भ टायरशी तुलना करून कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एका कंपनीच्या ३०० ची दुसऱ्या कंपनीच्या ३०० शी तुलना करू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र अंदाज येतो. ट्रॅक्शनचं अक्षर फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत, लॉक झालेल्या चाकाने घेतलेल्या चाचणीवरून येतं. वळणाबद्दल ते काहीही सांगत नाही. युरोपियन लेबलवरचा वेट ग्रिपचा दर्जा तुमच्या जास्त कामाचा. तिथे 'ए' किंवा 'बी' असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता नावं. मिशलिन प्रायमसी, ब्रिजस्टोन तुरान्झा, योकोहामा अॅडव्हान डीबी हे आरामाच्या बाजूचे. शांत, टिकाऊ, पण स्टिअरिंगला थोडे मऊ. मिशलिन पायलट स्पोर्ट आणि गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक हे खरे स्पोर्ट. काँटिनेंटल अल्ट्राकाँटॅक्ट या दोन गटांच्या मधे बसतो. तुमच्या मापात पायलट स्पोर्ट किंवा ईगल एफ१ ताजा मिळाला तर तोच घ्या, नाही तर अल्ट्राकाँटॅक्ट. जून २०२० पासून सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून स्पोर्ट टायर हव्या त्या मापात मिळतीलच असं नाही. दोन-तीन दुकानांत फोन करा. स्पोर्ट टायर लवकर झिजेल आणि एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर आवाजही थोडा जास्त करेल. दीडशे पीएस ताकद आणि अडीचशे न्यूटन मीटर टॉर्क पुढच्याच दोन चाकांतून उतरवणाऱ्या गाडीला ही किंमत योग्य आहे. ओल्या चढावर वळणातून बाहेर पडताना फरक तुम्हाला पायाखाली जाणवेल.

विकत घेताना टायर स्वतः बघा. २०५/५५ आर१६ नंतर '९१ व्ही' असेल तर ९१ म्हणजे चाकामागे ६१५ किलो भार आणि व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंतची क्षमता. कंपनीने दिलेल्या आकड्या-अक्षराच्या खाली जाऊ नका, वर चालेल. साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षभरापेक्षा जुना माल मी घेत नाही. आयएसआय चिन्ह नसलेला टायर कितीही स्वस्त दिला तरी नको.

चारही एकदम बदला. बजेट दोनाचंच असेल तर नवे मागे टाका. टायरवाला पुढे टाकायचा आग्रह धरेल, कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढते. पण पावसात पुढचे सुटले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की परत हातात येते. मागचे सुटले तर गाडी गरकन फिरते, आणि घाटात ते सावरायला जागा नसते.

टायर बसवताना असिमेट्रिक (आतली आणि बाहेरची नक्षी वेगळी असलेल्या) टायरवरचं 'आउटसाइड' बाहेरच्या बाजूला आलंय का ते बघा, अलाइनमेंट करून घ्या आणि नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्याने) आवळायला सांगा. पहिले तीन-चारशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावर साच्याचा लेप असतो. हवा सकाळी गार टायरवर तपासा आणि दाराजवळच्या किंवा इंधनाच्या झाकणाआतल्या पट्टीवर लिहिली तेवढीच भरा. लांब पळाल्यावर दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसेल, तो काढू नका. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक कमी हवेने. साइडवॉल सतत वाकत राहते आणि तापते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने तासन्‌तास जाणार असाल तर हे विशेष सांभाळा.

आणि हो, जुने टायर काढायच्या आधी पुढच्या दोन्हींच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेचा फोटो इथे टाका. आतली कड जास्त खाल्लेली असेल तर बहुधा टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय किंवा सस्पेन्शनचं रबरी बुश गेलंय, आणि ते आधी नीट केल्याशिवाय नवा महागडा टायर चढवू नका.