‘आज येता का?’

ताई, नमस्कार.
मी ६३ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत २९ वर्षं शिकवलं. २०२१ मध्ये आम्ही दोघं ग्रीन कार्डावर मुलाकडे, ओरेगनमध्ये बीव्हर्टनला आलो. २०२२ च्या सुरुवातीपासून मी घरसामानाच्या एका मोठ्या साखळी दुकानात पार्ट टाइम काम करते. आता तासाला १७ डॉलर मिळतात. आधी आठवड्याला २२-२४ तास असायचे, २०२५ च्या जानेवारीपासून ११-१२ वर आले. त्यातही वार ठरलेले नाहीत. रात्री साडेदहाला दुकान आवरून निघायचं आणि सकाळी साडेसहाला परत हजर, असं महिन्यातून दोन-तीनदा होतं. सकाळी मॅनेजरचा ‘आज येता का?’ असा मेसेज आला की मी हो म्हणते. नाही म्हटलं तर आहेत तेही तास जातील, अशी भीती वाटते. मग नातवाला शाळेतून आणायचं राहतं आणि सुनेला मीटिंग सोडून पळावं लागतं. मुलगा म्हणतो, ‘आई, सोड ना ते.’ पण मेडिकेअरसाठी, म्हणजे पासष्टीनंतरच्या इथल्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, ४० क्रेडिट्स हवीत आणि माझी निम्मीही झालेली नाहीत. तास असेच घटत गेले तर ती कधी पुरी होणार? यांचं वय ६७, ते घरीच असतात. आमचं दोघांचं पुढे कसं व्हायचं, या विचाराने झोप लागत नाही.
– एक आजी, बीव्हर्टन

बाई (शिक्षिका म्हटल्यावर माझ्या तोंडी दुसरं काही येत नाही), आधी एक गणित सोडवू. तुमच्या भीतीचं मूळ त्यातच आहे.

क्रेडिट तासांवर मिळत नाही, आठवड्यांवरही नाही. ते वर्षभराच्या कमाईवर मिळतं. २०२५ साली १,८१० डॉलरला एक क्रेडिट होतं आणि वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे ७,२४० डॉलर झाले की वर्षाचं काम झालं, मग ते बारा महिन्यांत मिळवा की तीन महिन्यांत. त्याला तुमच्या १७ डॉलरने भागलं की ४२६ तास येतात. बावन्न आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सव्वाआठ तासही होत नाहीत. तुम्ही ११-१२ करताय. जानेवारी ते सप्टेंबरचे ३९ आठवडे, आठवड्याला ११ तास धरले तरी ४२९ होतात. हे उत्तर तुम्ही वाचताय तेव्हा २०२५ ची चारही क्रेडिट्स तुमच्या पदरात पडलेली असणार.

आता दुसरी बाजू. आठवड्याला २४ तास केले काय नि ४० केले काय, वर्षाला क्रेडिट्स चारच. २०२२ ते २०२५ दरवर्षी तेवढी कमाई झाली असेल तर तुमची १६ झाली आणि २४ उरली. त्याला आणखी सहा वर्षं लागणार, ती कुणालाच चुकवता येत नाहीत. मॅनेजरच्या प्रत्येक मेसेजला हो म्हणून त्यातला एक दिवसही कमी व्हायचा नाही. जास्त तासांचे पैसे मिळतात, ते हवे असतील तर जरूर करा, पण मेडिकेअरच्या नावाखाली नको. एका क्रेडिटची रक्कम दरवर्षी थोडी वाढते (२०२४ मध्ये १,७३० होती), म्हणून आठवड्याला दहाएक तास धरून चाला. त्याच्या खाली सलग काही महिने गेलात तर मात्र हिशोब पुन्हा मांडा.

जिल्हा परिषदेतली २९ वर्षं इथे धरली जात नाहीत. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा (इथल्या सरकारी पेन्शन योजनेचा) करार नाही, त्यामुळे तिकडची नोकरी इकडच्या क्रेडिट्सना जोडता येत नाही. हे कितीही लागलं तरी त्यावर इलाज नाही.

यजमानांचं म्हणाल तर त्यांना वेगळी ४० क्रेडिट्स मिळवायची गरज नाही. तुमची ४० झाली आणि तुमचं वय ६२ च्या पुढे असलं, की मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग, म्हणजे पार्ट ए, तुमच्या नोंदीवर त्यांनाही हप्त्याविना मिळतो. तोवर तुम्ही दोघं उघड्यावर आहात असंही नाही. ग्रीन कार्डावर इथे सलग पाच वर्षं राहिलेल्या माणसाला ६५ नंतर मेडिकेअर विकत घेता येतं. २०२५ चे मासिक हप्ते असे: ३० पेक्षा कमी क्रेडिट्स असतील तर पार्ट एसाठी ५१८ डॉलर, ३० ते ३९ असतील तर २८५, आणि डॉक्टरांचा भाग, पार्ट बी, बहुतेकांना १८५. म्हणजे ४० च्या अलीकडे ३० लाही एक पायरी आहे, आणि ती तुम्ही २०२९ मध्ये गाठाल. यजमानांची पाच वर्षं २०२६ मध्ये भरतात. त्याच्या दोन-तीन महिने आधी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात चक्कर मारा, कारण उशिरा नाव घातलं तर चढा हप्ता गळ्यात पडू शकतो.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडून तुमच्या नावावर कोणत्या वर्षी किती कमाई लागली आहे ते बघा. आपल्या नावांचा घोळ तुम्हाला सांगायला नको. पासपोर्टवर मधलं नाव यजमानांचं, कार्डावर ते आडनावाला चिकटलेलं, दुकानाच्या पगारात तिसरंच स्पेलिंग. नाव नि नंबर जुळले नाहीत तर कमाई तुमच्या खात्यात पडत नाही आणि आठ-दहा वर्षांनी ते निस्तरणं जड जातं. वर्षाच्या पगाराचे जुने डब्ल्यू-२ फॉर्म टाकून देऊ नका.

(इथेच बाकीच्यांसाठी एक सांगते. माझ्या सासूबाईंनी ओळखीच्याच एका दुकानात चार वर्षं गल्ला सांभाळला. पगार पाकिटातून, रोख. त्या चार वर्षांची नोंद शून्य आहे. पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के कापले जात नसतील तर ते काम क्रेडिटच्या दृष्टीने झालेलंच नाही. आणि आई-वडील व्हिजिटर व्हिसावर असतील तर काउंटरमागे उभं राहणंसुद्धा नको, ‘नुसती मदत’ म्हणूनही नको.)

आता शिफ्टकडे वळू. तुम्ही ओरेगनमध्ये आहात हे तुमचं नशीब. कामगारांना शिफ्ट आगाऊ कळवा असं सांगणारा कायदा साऱ्या अमेरिकेत नाही. केंद्राचा वेतन कायदा त्याबद्दल गप्प आहे. राज्यभर असा कायदा सगळ्यात आधी ओरेगनने केला. जगभरात मिळून ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या रिटेल, हॉटेल आणि खाद्यगृहांच्या मालकांना तो लागू आहे. तुमचं दुकान मोठ्या साखळीचं आहे, तेव्हा ते त्यात येणारच.

त्यातल्या तुमच्या कामाच्या गोष्टी अशा. शेड्यूल १४ दिवस आधी लेखी मिळालं पाहिजे. त्यानंतर घुसवलेल्या शिफ्टला तुम्ही नाही म्हणू शकता, आणि नाही म्हटलं म्हणून डूख धरणं बेकायदा आहे. हो म्हणून गेलात तर त्या तासांच्या पगाराशिवाय एका तासाचा पगार वर मिळतो. उलट, लावलेली शिफ्ट ऐनवेळी रद्द केली किंवा तुम्हाला लवकर घरी पाठवलं, तर बुडालेल्या प्रत्येक तासाचा अर्धा पगार द्यावा लागतो. अर्ध्या तासाच्या आतला फेरफार यात धरत नाहीत. सहकाऱ्याशी आपसात केलेली अदलाबदलही धरत नाहीत.

आणि ते साडेदहा-साडेसहा. दोन शिफ्टमध्ये १० तास विश्रांती हवी. तुमची संमती असेल तरच त्या आधी बोलावता येतं, आणि संमती दिली तरी विश्रांतीत घुसलेल्या वेळेला दीडपट दर. रात्री साडेदहाला सुटलात तर विश्रांती सकाळी साडेआठपर्यंत. म्हणजे साडेसहा ते साडेआठ या दोन तासांना १७ नव्हे, साडेपंचवीस डॉलर. पगाराची पावती काढून बघा. तिथे फक्त १७ लागलेले दिसले तर आधी दुकानाच्या एचआरला लेखी विचारा. दाद लागली नाही तर राज्याच्या ‘ब्युरो ऑफ लेबर अँड इंडस्ट्रीज’कडे तक्रार करता येते.

पण थांबा. कामावर लागताना तुम्ही सह्या केलेल्या कागदांत ‘स्टँडबाय लिस्ट’ असा एखादा कागद होता का? जादा शिफ्टसाठी मला विचारा, असं त्यावर लिहून दिलेलं असतं. त्या यादीत नाव असेल तर ऐनवेळच्या जादा शिफ्टचा तो वरचा एक तास मिळत नाही. यादी ऐच्छिक असते, नाव काढायला कधीही सांगता येतं. माझा अंदाज असा की सकाळचा मेसेज तुम्हालाच येतो त्याचं कारण तिथे आहे. मॅनेजरला रिकामी जागा भरायची असते. जो दर वेळी हो म्हणतो त्याला तो आधी विचारतो, आणि त्याबद्दल पुढच्या आठवड्यात तास वाढवून देतो असं काही मी पाहिलेलं नाही. तुमच्याच आकड्यांवरून ते दिसतं: वर्षभर हो म्हणताय आणि तास ११-१२ वरच आहेत.

जानेवारीत तास घटले याचा तुमच्या वयाशी संबंध असेलच असं नाही. ख्रिसमस आटोपला की गिऱ्हाईक ओसरतं, दुकानाला मिळणारे एकूण तास वरूनच कमी होतात आणि कात्री आधी पार्ट टाइमवाल्यांना लागते. सगळ्यांचे कमी झाले का, ते बघा. तुमचे घटले आणि विशीतल्या नव्या मुलीला तेच तास मिळाले, किंवा ‘आता तुम्ही आराम करा’ असं कुणी बोललं, तर तारीख-वार लिहून ठेवा. २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी चाळिशीपुढच्या माणसाला वयावरून डावलणं केंद्राच्या १९६७ च्या कायद्याने मना आहे.

बाकी राज्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात: सिएटल, शिकागो आणि लॉस एंजेलिस शहरांत मोठ्या रिटेलवाल्यांना १४ दिवसांचा नियम आहे, न्यूयॉर्क शहरात दुकानांसाठी ७२ तासांचा. न्यूजर्सीत असा नियम नाही, पण बोलावून परत पाठवलं तर किमान एका तासाचा पगार मिळतो.

बाई, आता तुमच्या हातातलं पान. प्रत्येक दुकानात ‘अव्हेलेबिलिटी’ नावाचा फॉर्म किंवा अ‍ॅपमधला रकाना असतो. तुम्ही तिथे सातही दिवस, सकाळ ते रात्र अशी खूण केली असणार. आपली माणसं तसंच करतात, नोकरी मिळावी म्हणून. ती खूण पुसा. सोमवार ते शुक्रवार साडेआठ ते दोन, आणि एक शनिवार किंवा रविवार, एवढंच ठेवा. कॉलेजची मुलं कामाच्या दिवशी सकाळी मिळत नाहीत, संध्याकाळच्या शिफ्ट त्यांनाच हव्या असतात. ज्या वेळी दुकानाला माणूस मिळत नाही, ती वेळ तुमच्याकडे आहे. एक सुट्टीचा दिवस मात्र देऊन टाका. सगळे वीकेंड सुट्टी मागणाऱ्या माणसाला कुठलाच मॅनेजर फार दिवस सांभाळत नाही. बदल मॅनेजरच्या कानावर घाला आणि लगेच मेसेजमध्ये लिहूनही पाठवा. ब्लॅक फ्रायडेच्या (नोव्हेंबरअखेरच्या मोठ्या सेलच्या) आठवड्यात हा विषय काढू नका, आत्ता ऑक्टोबरातच काढा.

यामुळे तास १२ चे १० होतील, कदाचित ९. आठवड्याला सव्वाआठ लागतात, हे वर करून झालंय.

मुलाच्या ‘सोड ना ते’ला रागावू नका. त्याने हे गणित केलेलं नाही, त्याला फक्त रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये थांबलेली आई दिसते. त्याला आणि सुनेला शेजारी बसवून हे आकडे कागदावर मांडून दाखवा. तुमची शिफ्ट चौदा दिवस आधी येते, ती दोघांच्या ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये त्याच दिवशी चढली पाहिजे. सुनेची मीटिंग ही मीटिंग आणि सासूबाईंची शिफ्ट म्हणजे विरंगुळा, असं बऱ्याच घरांत न बोलता ठरलेलं असतं. तुमच्याकडे तसं असेलच असं मी म्हणत नाही.

पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शाळा सुटते तेव्हा घराबाहेर तुम्ही असता, मुलगा असतो, सून मीटिंगमध्ये असते. आणि ६७ वर्षांचे आजोबा, तुमच्याच शब्दांत, ‘घरीच असतात’. त्यांना कुणी विचारलंय का? नातवाला आणण्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव नसेल तर मुलाने शाळेच्या ऑफिसला कळवलं की ते चढतं, फोटोचं ओळखपत्र तेवढं खिशात असू द्या. गाडी चालवत नसतील आणि शाळा पायी जाण्यासारखी असेल तर प्रश्नच नाही. ओरेगनचा पाऊस म्हणाल, तर छत्री त्यांनाही उघडता येते.