आलेखावरच्या दोन बिंदूंवरून घातांकी फलन कसं काढायचं?

तुम्ही (२, १२) आणि (५, ९६) हे बिंदू दिलेत आणि य-अक्षावरचा बिंदू दिलेला नाही म्हणून अडलात. अडायचं काही कारण नाही. य = अ × ब^क्ष (ब चा क्ष-वा घात, म्हणून घातांकी) धरा आणि दुसऱ्या य ला पहिल्याने भागा. ९६ भागिले १२ म्हणजे ८, अ उडून गेला. मधलं अंतर ३, म्हणजे ब चा घन ८, ब = २. मग १२ = अ × ४, अ = ३. परीक्षेपुरतं झालं.

पण ‘दोन बिंदू पुरतात’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण माझा आतेभाऊ.

आत्या देवगडला असते. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांचा मुरांबा करून विकते. मुरांबा गरम असतानाच भरून झाकण लावलं तर झाकणाला आतून वाफ धरते, ते पाणी खाली ठिबकतं आणि चार दिवसांत वर बुरशी. त्यामुळे टोप कधी निवेल यावर सगळ्या दुपारचं गणित. एका मे महिन्यात हा आतेभाऊ, म्हणजे दादा, पुण्याहून आला, इंजिनीअर माणूस, सोबत थर्मामीटर. टोप उतरवल्यावर ९४ अंश, अर्ध्या तासाने ६२. (आकडे सोयीसाठी थोडे सरळ केलेत.) लगेच पाटावर कागद घेऊन बसला, दोन बिंदूंतून वक्र काढला आणि जाहीर केलं की तासाभरात ४१.

तासाने थर्मामीटर ४६ दाखवत होता. दादा म्हणाला, थर्मामीटर नीट बुडला नसेल. मी म्हटलं, “दादा, तुझंच सूत्र पुढे ने. दोन तासांनी १८ अंश येतात. मे महिन्यात, देवगडात, चुलीशेजारी १८?” आत्या आतून ओरडली, “मेल्यांनो, टोपाक हात लावन बघा!”

गोम अशी की निवणारी वस्तू शून्याकडे जात नाही, खोलीच्या तापमानाकडे जाते. न्यूटनने १७०१ मध्ये हेच मांडलं: निवण्याचा वेग वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणजे घातांकी वागतो तो फरक. फलन य = अ × ब^क्ष + क, अज्ञात तीन, तेव्हा बिंदूही तीन हवेत. सारख्या अंतराने घेतलेले असले तर सोपं: ९४ वरून ६२, घट ३२, ६२ वरून ४६, घट १६. दर अर्ध्या तासाला निम्मी. पहिली घट निम्मी होत गेली तर एकूण ६४ अंश उतरणार, म्हणून क = ३०, खोलीचं तापमान. दोन तासांनी ३४ यायला हवेत, आणि साधारण तेवढेच आले. दादा तोवर आंघोळीला निघून गेला होता.

दुसरं असं की दोन बिंदूंमुळे वक्र घातांकी आहे हे सिद्ध होत नाही. य दोन्हीकडे धन असला की कुठल्याही दोन बिंदूंतून असा वक्र जातोच. भरतीच्या पाण्याच्या दोन नोंदी घेऊनही काढता येईल, आणि सहा तासांनी ओहोटी लागली की फसाल. म्हणून गरजेपेक्षा एक बिंदू जास्तीचा पडताळायला ठेवा. ज्याला आलेख आवडतो त्याने (य − क) चा लॉग (तेवढी संख्या यायला लागणारा घातांक) घेऊन बिंदू मांडावेत. सरळ रेषेत आले तर घातांकी, नाहीतर नाही.

तुमच्या पुस्तकातल्या गणितात क बहुधा शून्यच असणार, आलेख क्ष-अक्षाला टेकायला निघालेला दिसेल. तसा दिसत असेल तर माझी वरची कटकट सोडून द्या. आणि हो, तीन नोंदींतलं अंतर सारखं नसेल तर घटींची युक्ती चालत नाही, क अंदाजाने धरून लॉगची रेषा सरळ होईपर्यंत बदलत जावा लागतो. दादा दर गणपतीत हाच मुद्दा काढतो, म्हणून आधीच लिहून टाकलं.