खेळप्रेमींची देणगी

प्रश्न : व्हिडिओ गेम खेळणारे रुग्णालयातील मुलांसाठी खेळणी कशी जमवतात? आम्ही वापरलेली खेळणी देऊ शकतो का?

उत्तर : अमेरिकेतील सिॲटल येथे ‘पेनी आर्केड’ या व्हिडिओ गेमवरील ऑनलाइन व्यंगचित्रमालिकेचे कर्ते माइक क्राहुलिक आणि जेरी होल्किन्स यांनी 2003 मध्ये ‘चाइल्ड्स प्ले’ हा उपक्रम सुरू केला, त्यात रुग्णालये आपल्याला हव्या असलेल्या वस्तूंची यादी देतात आणि देणगीदार त्यांतील वस्तू विकत घेऊन थेट तेथे पाठवतात. गरज रुग्णालयानेच सांगावी, ही पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते. वापरलेली खेळणी, विशेषतः मऊ बाहुल्या, संसर्गाच्या भीतीमुळे बहुतेक रुग्णालये स्वीकारत नाहीत. म्हणून नवी, न उघडलेली आणि सहज पुसून निर्जंतुक करता येणारी खेळणी द्यावीत, किंवा रोख देणगी द्यावी.